भिंत कोण खातं?

(मुलुंड, १९६६. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. फॅमिली डॉक्टर सात वर्षांच्या मृणालला तपासायला घरी आलेत. आजी अंजनाबाई आणि आई कुंदा शेजारी उभ्या आहेत.)

अंजनाबाई : ...आणि विचारलं की गप्प. आता तुम्हीच सांगा डॉक्टर, भिंत काय आपण होऊन झिजते?

डॉक्टर : तुम्ही हिला खाताना पाहिलंय का, आजी?

अंजनाबाई : पाहायला कशाला हवं? घरात पोर एकच. परवा बोटांना तिखट चोळलं, तरी सकाळी भिंतीला नवा खड्डा. पक्की आहे ती.

कुंदा : पुरे ना, आई. डॉक्टर, तुम्ही जंताचं औषध द्या, म्हणजे झालं.

डॉक्टर : जंत मागच्या खेपेलाच गेले. हिची जीभ बघा, कशी लाल आहे. चुना-माती खाणाऱ्या पोराचं तोंड असं नसतं.

अंजनाबाई : मग रेशनच्या त्या मिलो ज्वारीनं होत असेल. तिकडे अमेरिकेत म्हणे गुरांना घालतात. नाहीतर हिच्या माहेरचं काही खूळ असेल, देव जाणे.

डॉक्टर : मिलोच्या भाकऱ्या मीही खातो. मला ती भिंत दाखवा बघू.

अंजनाबाई : ही काय, स्वयंपाकघराच्या दारामागे. अख्खा पोपडा गेलाय.

डॉक्टर : मृणाल, ये बाळ. इथं उभी राहा. हात वर कर. अजून वर.

अंजनाबाई : पाटावर चढत असेल.

डॉक्टर : आणा पाट. हं, चढ. आता चवड्यांवर हो. बघा आजी, बोटं कुठं आणि खड्डा कुठं.

अंजनाबाई : म्हणजे? मग राहिलं कोण? माझा नंदू, हिचा नवरा, तर दिवसभर ऑफिसात. मी तर नाही खात बाई भिंती.

डॉक्टर : मृणाल, तू बाहेरच्या खोलीत बस. तुला कुणी काही म्हणणार नाही. कुंदा, जरा उजेडात ये.

कुंदा : मला काय झालंय?

डॉक्टर : वर बघ. पापणी आतून पांढरीफटक आहे. जिना चढताना धाप लागते?

कुंदा : थोडी.

अंजनाबाई : थोडी कसली? कळशी टेकवून मधल्या पायरीवर बसून राहते. मला वाटायचं, ढोंग.

डॉक्टर : अंगातलं रक्त फार कमी झालं की कुणाकुणाला चुना, माती, राख असलं खावंसं वाटतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. रक्त जातंय कुठं, ते मला कळायला हवं. पाळी किती दिवस असते?

अंजनाबाई : चार दिवस. बाहेर बसते ना, मला ठाऊक आहे.

डॉक्टर : मी तिला विचारतोय.

कुंदा : दहा. कधी बारासुद्धा.

अंजनाबाई : काय बोलतेस? चौथ्या दिवशी न्हाऊन स्टोव्हपाशी येतेस तू.

कुंदा : येते. दहा दिवस बाहेर बसले तर घरात करणार कोण? मागे सहा दिवस बसले, तर तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीत. भिंतीचं कबूल केलं असतं तर डॉक्टरांनी हेच विचारलं असतं.

अंजनाबाई : आणि देवाचा नैवेद्य त्याच हातांनी?

डॉक्टर : नैवेद्याचं तुम्ही आणि देव नंतर बघा. हिला उद्याच्या उद्या लेडी डॉक्टरला दाखवायचंय. तोवर या लोहाच्या गोळ्या. शौचाला काळं होईल, त्याला घाबरायचं नाही. गोळ्या वेळेवर मिळतील ना हिला?

अंजनाबाई : मी देईन. असं बघू नका माझ्याकडे, विष नाही घालणार. पण कुंदा, मी पोरीला तिखट चोळत होते आणि तू बघत उभी होतीस.

कुंदा : हो.

अंजनाबाई : त्या बिचारीला काही ठाऊकसुद्धा नव्हतं.

कुंदा : ठाऊक होतं. तिनं मला पोपडा काढताना पाहिलं होतं.

अंजनाबाई : मग ती का नाही बोलली?

कुंदा : काल रात्री मी तिला म्हटलं, उद्या आजीला सांगून टाकते. तर म्हणाली, नको. आजी मला रागावली तर मी खाली खेळायला जाते. तू कुठं जाशील?