आराम करायला गेलेली आई

नाही, पण मला एक सांगा, दोन दिवसांत एकदा तरी रडायला काय होत होतं पोरांना? एकदा! फार नाही मागत मी. कोपऱ्यात बसून दोन टिपं गाळायची, 'आई कुठंय' म्हणायचं, संपलं... तेवढं नुसतं कानावर आलं असतं ना, तर त्या रिसॉर्टवर मी अशी आडवी पडले असते की उठवायला चार माणसं लागली असती. पण छे! आता हे ऐकून तुम्हाला वाटेल की ही बाई स्वतःच्या जाऊबाईंवर जळते. मी जळत नाही हं. आधीच सांगून ठेवते. मला काय जळायचंय?

आठवा जरा ते दिवस! सव्वा वर्ष घरात कोंडलेलो आम्ही चौघं. नवऱ्याचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, थोरलीची चौथीची शाळा हॉलमध्ये, आणि माझं ऑफिस बेडरूममध्ये, कपाटाला पाठ लावून. मी विमा कंपनीच्या तक्रार विभागात आहे. म्हणजे दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि मधाळ आवाजात म्हणायचं, 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' आणि नेमकं 'दिलगीर' म्हणायला आणि आमच्या धाकट्याने संडासातून 'आईऽऽ, झालीऽऽ' म्हणून ओरडायला एकच गाठ! पलीकडचा ग्राहक विचारतो, 'झाली का? मंजूर झाली?' काय सांगणार त्याला?

आणि धाकट्याची शाळा कुठे? माझ्या मांडीवर. खरंच! पाच वर्षांचं पोर, नऊ ते दहा वर्ग, माझ्या जुन्या मोबाइलवर. त्या मोबाइलवर थोरलीने कधीतरी नाव टाकून ठेवलेलं, 'आई'. त्यामुळे वर्गात बाकीच्या चौकटींखाली मुलांची नावं, आणि आमच्या चौकटीखाली 'आई'. टीचर रोज न चुकता म्हणायच्या, 'आई, तेवढं नाव बदलून घ्या हं.' मी रोज न चुकता म्हणायचे, 'हो टीचर, आजच बदलते.' कोण बदलतंय! इथे अंगावरचा गाऊन बदलायला फुरसत नव्हती. त्या वर्गाचा दहा आकडी नंबर आणि पासवर्ड वर्षभर रोज हाताने टाकून टाकून असा पाठ झालाय की स्वतःच्या लग्नाची तारीख मी विसरेन, पण तो नंबर झोपेतून उठवून विचारा. हे लक्षात ठेवा, याचाच पुढे घोळ झालाय.

तर अशी मी पार वाळून कोळ झालेली असताना थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, तुम्ही दोघं जरा दोन दिवस जाऊन या ना कुठेतरी. मुलांना ठेवा माझ्याकडे." जाऊबाई आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहतात. साथीच्या दिवसांतही आमचं येणंजाणं तेवढंच. त्यांचा मुलगा शिकायला परदेशी गेला तो तिकडेच अडकला, दीड वर्ष घरी आला नव्हता, घरात भाऊजी आणि त्या, दोघंच. आमची मुलं त्यांना 'मोठी आई' म्हणतात. आता बघा, मी नुसती आई आणि त्या मोठी आई! हुद्दाच वरचा की नाही? पण मी जळत नाही हं. मी तर आंधळा मागतो एक डोळा म्हणत अर्ध्या तासात बॅग भरली. जाऊबाईंच्या हातात धाकट्याच्या शाळेचा तो जुना मोबाइल आणि सूचनांचा कागद दिला, पाठपोट चार पानं. धाकटा भाजी खात नाही. धाकटा गोष्टीशिवाय झोपत नाही. धाकट्याचे केस खांद्यापर्यंत आलेत पण कात्रीचं नाव काढायचं नाही, कात्री दिसली की तो पलंगाखाली जातो, मी आठ महिने प्रयत्न करतेय. जाऊबाईंनी कागद नीट घडी करून फ्रीजवर ठेवला. उघडला सुद्धा नाही हो!

रिसॉर्टच्या फाटकावरच एकाने कपाळाला पिस्तूल लावलं. ताप बघायचं हो! दुसऱ्याने आमच्या बॅगांवर असा फवारा मारला की कीड लागलेलं पीकच जणू. माणूस कुठे म्हणून जवळ येत नव्हता. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये, बागेतल्या दर दुसऱ्या बाकावर फुली, पोहायला जायचं तर अर्ध्या तासाची पाळी. मसाज बंद, म्हणून दाराशी मुलतानी मातीची पुडी ठेवलेली, 'आपली आपण लावून घ्यावी.' आणि रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा समोर येईना, ती बोलायची खोलीत ठेवलेल्या टॅबवर. पांढराशुभ्र टॅब, पाठीवर चिकटवलेलं 'रूम नंबर नऊ', चालू केला की स्क्रीनवरही तेच.

आणि नवऱ्याने काय करावं? दोघांचे मोबाइल घेतले आणि खोलीतल्या तिजोरीत घालून टाकले! मला म्हणाला, "दोन दिवस मुलांचं नाव काढायचं नाही. संध्याकाळी सहाला दहा मिनिटं फोन, बास." म्हटलं, मी? मी कशाला काढतेय नाव? उलट सुटले एकदाची! असं म्हणून मी खिडकीत जाऊन बसले... आणि सहा वाजायची वाट बघायला लागले. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

सहाला फोन लावला. मनात म्हटलं, आता हुंदका ऐकायची तयारी ठेव, खंबीर राहा, समजूत घाल. फोन घेतला धाकट्याने. म्हणाला, "आई, आत्ता नको, आम्ही कामात आहोत." कामात! जो माणूस संडासातून मला ऑफिस सोडायला लावतो, तो कामात! म्हटलं, कसलं काम रे राजा? तर म्हणे, "आम्ही खोक्यांची आगबोट करतोय, मोठी आई कॅप्टन आहे. ठेवू?" मागून थोरली ओरडली, "आईला सांग मी दोनदा भाजी घेतली आणि यानं तीनदा!" तीनदा! ज्याच्या तोंडात एक घास घालायला मला पाऊण तास आणि बाहेरचे सगळे कावळे-चिमण्या लागतात, त्याने तीनदा भाजी घ्यावी? मग जाऊबाई आल्या फोनवर, आवाज कसा, अगदी लोण्यासारखा, "काही काळजी करू नकोस गं, मुलं फार गुणी आहेत तुझी." गुणी? माझ्याकडे का नाहीत मग गुणी? दहा मिनिटांतली आठ शिल्लक राहिली. नवऱ्याला केवढा आनंद! "बघ, पोरं मजेत आहेत." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आता हे जळणं म्हणाल तुम्ही? मी जळत नाही हं, मी आपली काळजी करत होते. आईचं काळीज असतं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची पोहायची पाळी नऊ ते साडेनऊ. तो गेला. मी डोक्याला टॉवेल गुंडाळला, ती मुलतानी माती तोंडाला थापली, डोळे तेवढे उघडे, आणि खुर्चीत रेलले. काय ती शांतता! कोणी 'आई' म्हणेना. घड्याळात बघितलं, नऊ वाजून दोन मिनिटं. माझी मांडी आपोआप हलायला लागली. शाळेची वेळ ना! म्हटलं, काय करत असेल लेकरू? माझ्याशिवाय त्याला रंगीत पेन्सिली कोण टोक करून देणार? टीचरनी प्रश्न विचारला तर मागून कोण कुजबुजणार? रडत असेल. नक्की रडत असेल! मोबाइल तिजोरीत, आकडा नवऱ्याच्या डोक्यात, नवरा पाण्यात... आणि समोर तो पांढराशुभ्र टॅब. मीटिंगचं ॲप त्यात होतंच. हळूच आत जायचं, कोपऱ्यात बसायचं, एक नजर टाकायची आणि बाहेर. कोणाला कळणार होतं? बोटं आपोआप चालली. दहा आकडे, पासवर्ड. गेले आत!

आणि बघते तर काय, माझ्या धाकट्याची चौकट, शर्टाला इस्त्री, मांडी घालून बसलेला, कोणाच्या मांडीवर नाही, मागून कोणी कुजबुजत नाही, आणि टीचर काय विचारतील त्याचं धडाधड उत्तर देतोय! आणि केस?! केस कापलेले! बाजूने भांग! कान दिसत होते हो त्याचे, आठ महिन्यांनी मी माझ्या मुलाचे कान पाहिले! शेजारी जाऊबाई, त्याच्या खांद्यावर हात. मला काही कळलंच नाही, मी ओरडले, "केस कोणी कापले याचे?!"

सगळ्या वर्गाने ऐकलं. मग लक्षात आलं, त्या टॅबला माझ्यासारखी शिस्त नव्हती, त्याने कॅमेरा आणि आवाज आपलं आपणच चालू केलं होतं. एक मुलगी भोकाड पसरून रडायला लागली, "भूऽऽत!" दुसरा एक तोंड पुढे आणून बघायला लागला, "टीचर, त्या भुताला दात पण आहेत." टीचर म्हणतात, "रूम नंबर नऊ कोण आहे? कृपया बाहेर जा, आमचा वर्षाचा शेवटचा तास आहे, आम्ही फोटो काढतोय." आणि आमचा धाकटा टीचरच्या वर आवाज चढवून सांगतो, "भूत नाही टीचर, ती माझी आई आहे. ती आराम करायला गेलीये." आणि टीचरनी तेवढ्यात बटण दाबलं. काढला फोटो!

शेवटचा तास म्हणून वर्ग त्या दिवशी लवकर सुटला. एकेक चौकट विझली. राहिलो दोघीच, मी आणि जाऊबाई. धाकटा 'बाय आई' म्हणून आगबोटीकडे पळाला होता. म्हटलं, आता ऐकवणार ह्या. ऐकवायलाच हवं होतं, त्यांच्यावर पाळत ठेवायला आले होते ना मी? तर त्या हळूच म्हणाल्या, "केस कापायच्या आधी तुला विचारायला हवं होतं गं. पण तो स्वतःच मांडी घालून बसला. आमचा पण असाच बसायचा. दीड वर्षात कोणाच्या केसांना हात लावला नव्हता बघ." आणि मग पदराने, म्हणजे बहुतेक पदरानेच, स्क्रीन पुसला. पाणी स्क्रीनवर नव्हतं.  इकडे माझ्या तोंडावरची माती वाळलेली, तोंड हलेना. मी नुसती मान हलवली. मग ओठ न हलवता कसंबसं म्हटलं, "ताई, उद्याऐवजी परवा येऊ का आम्ही?" त्या एवढ्या घाईने 'हो' म्हणाल्या, की मला लगेच बॅग भरावीशी वाटली.

नवरा ओला येऊन दारात उभा. माझ्याकडे बघतोय, टॅबकडे बघतोय. "तू शाळेत जाऊन आलीस?" म्हटलं, हो. "दोन दिवस सुद्धा..." म्हटलं, तीन. तीन दिवस राहतोय आपण. त्या तिसऱ्या दिवशी, तुम्हाला खरं सांगते, आम्ही नवरा-बायको तळ्याकाठी फुली नसलेल्या बाकावर बसलो, आणि दोन तास बोललो. कशावर? मुलांवर. दुसरं येतं काय आम्हाला?

घरी आले. दार उघडायच्या आत विचारलं, "माझी आठवण आली का रे?" धाकटा म्हणाला, "आली ना!" मी म्हटलं, कधी रे सोन्या? तर म्हणाला, "तू शाळेत आलीस तेव्हा." थोरलीने विचारलं, "परत कधी जाणार?" आता दर शनिवारी ते दोघं आंघोळ करून, भांग पाडून, आपले आपण दोन मजले वर जातात. जाऊबाईंचा चेहरा फुललेला, नवरा नव्या रिसॉर्टची चित्रं बघतोय. सगळे खूश! आणि हो, जळते मी. जळते! बास? झालं समाधान?

कारण अजून एक राहिलंय. जाऊबाईंनी तो वर्गाचा फोटो मोठा करून, चौकटीत घालून, टीव्हीच्या वर लावलाय. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो. वरच्या ओळीत आमचा धाकटा, कान दिसतायत, शेजारी जाऊबाई हसतायत, आणि खाली ठळक अक्षरांत, 'आई'. आणि अगदी खाली कोपऱ्यात डोक्याला टॉवेल, तोंडाला माती, जबडा वासलेला, आणि त्याखाली, 'रूम नंबर नऊ'. शेवटी न राहवून मी टीचरना फोन केला. म्हटलं, टीचर, फोटो राहू दे, पण तेवढं नाव बदलता येईल का हो? टीचर म्हणाल्या, "आई, वर्षभर मी दुसरं काय सांगत होते तुम्हाला?"