बैलाचा नंबर

रुख्मिणी : अवो, बसा ना जरा. मनोहरबाबू पाहूनच राहिले ना.

नत्थूजी : काय बसू वं? पोळा तोंडावर आला. एश्टीच्या टपावरून पोतंभर बैल उतरवले, अन् दुकानातले बाबू म्हणते यादीत तुमचं नावच नाई!

मनोहरराव : पारशिवनीचे नत्थूजी सुतार, लाकडी बैल. दोनदा पाहिलं. नाही निघत.

नत्थूजी : दर साली तुम्ही कार्ड टाकता, मी माल आणतो. औंदा काहून नाई टाकलं जी?

मनोहरराव : कार्ड आता मी लिहीतच नाही. शेटजींनी दिवाळीत कॉम्प्युटर बसवला. कोणता माल किती खपला ते त्यात भरायचं. कोणाकडून काय मागवायचं, ते तोच छापून देतो.

नत्थूजी : मंग माह्यं काहून नाई छापलं त्यानं?

मनोहरराव : तुमचा बैल होता त्यात. पण दिवाळीत शून्य, होळीत शून्य, अखाजीलाही शून्य. जो माल हलत नाही, त्याचा नंबर तो काढून टाकतो.

रुख्मिणी : अवो माय! होळीले कोणी लाकडाचा बैल घेते काय?

नत्थूजी : तान्ह्या पोळ्याले पोट्टे बैल घेऊन निंघते, तवाच तं खपते! हे सांगतलं नाई तुम्ही त्याले?

मनोहरराव : सांगायची जागाच नाही त्यात. आकडा टाका, बस्स. अन् खरं सांगू? शून्य भरताना माझ्याही डोक्यात पोळा आला नाही.

नत्थूजी : बरं, झालं ते झालं. आता ठेवून घ्या.

मनोहरराव : ठेवून काय करू? नंबर नाही तर बिल निघत नाही. बिल नाही तर दारावरचा चौकीदार माल बाहेर सोडत नाही.

रुख्मिणी : अन् गिऱ्हाइक आलं तं?

मनोहरराव : येऊनच राहिले. परवापासून विचारतात. मी सांगतो, यंदा सुतार आलाच नाही.

नत्थूजी : मी आलो नाई? मी तिथं पोस्टमनच्या वाटंवर डोये लावून बसलो, अन् तुम्ही इथं लोकांले सांगता मी आलो नाई?

मनोहरराव : हळू बोला, शेटजी आत आहेत.

रुख्मिणी : चला वो. गावातच इकू.

नत्थूजी : गावात एवढे किती खपन वं? पोतं पुढच्या सालापर्यंत घरात ठेवू?

मनोहरराव : थांबा. असं करा, समोरच्या फुटपाथवर मांडा. जो विचारेल त्याला मी बोट दाखवतो.

नत्थूजी : अन् शेटजीनं तुमालेच हटकलं तं?

मनोहरराव : मी इथला जुना माणूस आहे, नत्थूजी.

नत्थूजी : तुमचा नंबर हाये काय जी त्याच्यात?

मनोहरराव : आहे. गेल्याच महिन्यात मिळाला. हजेरी आता तोच ठेवतो. कोणी किती काम केलं, तेही.

(नत्थूजी पोत्यातून एक बैल काढून टेबलावर ठेवतात.)

नत्थूजी : हा तुमच्या नातवाले. अन् बाबू... तुमचा एकबी महिना शून्य जाऊ नका देऊ, बरं.