डोळे मिटून सही

नाही हो मावशी, बिघडलंय कुठे — बिघडलेलं नाहीच आहे, तेच तर सांगतेय मघापासून. काल संध्याकाळपर्यंत मस्त उडत होतं. आजही उडेल. पण आज सकाळी बनवणाऱ्या कंपनीचा हुकूम आला — हुकूमच म्हणायचा, विनंतीबिनंती काही नसते त्यात — की शेपटीच्या पंख्याचे ते ठरावीक बोल्ट जिथे जिथे असतील तिथे तिथे काढा, नवे घाला, त्याशिवाय जमिनीवरून उचलायचं नाही. कुठेतरी, कुठल्यातरी भलत्याच हेलिकॉप्टरमध्ये त्यातल्या एका बोल्टला तडा सापडलाय. केसाएवढा. आपल्याला नाही हं, आपले मी भिंग लावून बघितले, ठणठणीत आहेत. तरी काढले. ठणठणीत असले तरी काढायचे, हीच तर गंमत आहे आमच्या धंद्याची, मोडायच्या आधी फेकायचं. घरी माझी आई उशीचा अभ्रा विरेपर्यंत वापरते, मग त्याचं फडकं करते, आणि मी इथे नवे वाटावेत असे बोल्ट भंगारात घालते — तेही करवतीने कापून, कुणी उचलून परत लावू नयेत म्हणून. बसा ना. उभ्या का? ती खुर्ची डुगडुगते, इकडे बाकावर बसा. पिशवी ठेवा की खाली, फरशी स्वच्छ आहे. नको? बरं, राहू द्या मांडीवर. काय आहे एवढं जपून — अगंबाई, टोपडं! लेकीचं बाळ की मुलाचं? लेकीचं. पहिलंच? मग झालं, तुमचा जीव इथे कसा लागणार. आणि तिकडचा रस्ताही आत्ताच खचायचा होता, नाहीतर कोण चढतंय असल्या डब्यात. अहो, गंमत केली. चांगला डबा आहे. मी बघते ना त्याच्याकडे.

कॉफी घ्या. मशीनची आहे, वाईट आहे, पण गरम आहे. पायलट? तो काय, त्या कोपऱ्यात, तोंडावर टोपी घेऊन घोरतोय. त्याला उठवून उपयोग नाही, त्याचं काम सगळ्यात शेवटी. बोल्ट मी बदलले. हो, मीच. असं नका बघू, मावशी, लायसन्स आहे माझ्याकडे, कोपरापर्यंत ग्रीस आहे, अजून काय दाखवू? उजाडल्यापासून त्या शेपटीखाली मान वाकडी करून उभी होते, आता मान सरळ केली की कटकट आवाज येतो. तर माझं काम झालंय. मग उडत का नाही? विचारणारच तुम्ही, सगळे विचारतात. कारण असं आहे — ज्याने काम केलं त्याने ते स्वतः तपासायचं नाही. दुसऱ्याने यायचं. आणि दुसरा आला की पहिल्याने तिथून निघायचं, म्हणून मी इथे तुमचं डोकं खातेय. मी तिथे असले तर काय होईल? मी म्हणणार, हा झालाय, हा पण झालाय, तो मान डोलावणार, संपलं. म्हणून मी बाहेर. त्याने एकट्याने एकेका नटाला हात लावायचा. मला विचारायचं नाही, मी सांगितलेलं ऐकायचं नाही — हात लावायचा. मग त्याची सही, माझी सही, मग तुमची लेक, तुमचं नातवंड.

आता तो दुसरा कोण आत? — नवरा माझा.

हसा, हसा. सगळे हसतात. इथे आम्हाला ‘डबल चेक’ म्हणतात. डबल चेक आले, डबल चेक भांडले, डबल चेक जेवले का. इथे लायसन्सवाले तिघंच, आम्ही दोघं आणि मोठे साहेब, आणि साहेब डोळ्याच्या ऑपरेशनमुळे घरी आहेत, म्हणजे आज तोच. मी केलेलं तो बघणार, त्याने केलेलं मी बघणार. लग्नाआधीपासून. खरं सांगू का, लग्न त्यामुळेच झालं — पहिल्याच महिन्यात त्याने माझी एक वायर पकडली, नट सैल होऊ नये म्हणून बांधतात ती, उलट बाजूने बांधलेली, आणि ओरडला नाही, टॉर्चचा उजेड त्या वायरवर धरून नुसता उभा राहिला, मला दिसेपर्यंत. मी म्हटलं, हा बरा आहे.

ऐकलंत? स्टूल सरकलं. पत्र्यावर घासल्यासारखा आवाज, तो. म्हणजे चढला. चला.

घड्याळ नका बघू हो सारखं. उलट — काय सांगू तुम्हाला — उलट मला वाटतंय जितका वेळ लागेल तितकं बरं. नाही, धोका वगैरे नाही, तसं नाही. तुम्ही कॉफी प्या. म्हणजे बघा — मागच्या महिन्यात माझा वाढदिवस होता. आणि मी वर मोठ्या पंख्याखालचं काम केलं होतं, दांडे बदलायचं, आयुष्य संपलेले दांडे. अमुक तास उडले की संपलं त्यांचं आयुष्य, दिसायला कसेही दिसोत. तर काम झालं, मी हात धुवायला गेले, हात पुसत परत येते तर त्याची सही तयार. झाकण लावलेलं. केक आणला होता त्याने, गाडीत ठेवला होता, वितळत होता म्हणे. मी विचारलं, हात लावलास का? तर हसला आणि म्हणाला, “तुझं काम आहे. डोळे मिटून सही करीन मी.”

आता तुम्ही सांगा. नाही, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंयच — गोड वाटलं ना तुम्हाला? सगळ्यांना गोड वाटतं. माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, एवढा विश्वास ठेवणारा नवरा मिळालाय आणि तू तोंड पाडून बसलीस. तोंड पडणारच, मावशी. कारण इथे विश्वास ही शिवी आहे. मला माझ्यावर विश्वास नाही, म्हणून तर तो आहे ना दुसरा! तोच डोळे मिटणार असेल तर मग मी एकटीच आहे तिथे वर, एकटी, आणि खाली कुणीतरी टोपडं घेऊन बसलंय. मग मी सरळ साहेबांकडे गेले आणि म्हटलं, परत उघडायचंय, मला शंका आहे. कसली शंका ते नाही सांगितलं. पण साहेबांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, त्यांना कळलंच. उघडलं सगळं. त्यांनी स्वतः चढून बघितलं. आणि काय सापडलं? काहीच नाही. माझं काम चोख होतं. तेच वाईट झालं. काहीतरी सापडलं असतं तर त्याला तोंड बंद करावं लागलं असतं, आता तो म्हणतो, बघ, होतं ना बरोबर, उगाच सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस. केक कुणी खाल्ला नाही. दोन दिवस फ्रीजमध्ये होता, मग मी टाकला.

तेव्हापासून तो त्याच्या बहिणीकडे राहतो. लांब नाही, इथून जवळच, म्हणे येण्याजाण्याला सोयीचं. सोयीचं! रोज सकाळी इथे येतो, मला ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणतो. मॅडम. नणंद फोन करते, काय झालं गं तुमचं, मी काय सांगू तिला, त्याने माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून आम्ही भांडलो? वेडी म्हणेल. जाताना एकच बोलला, “घरात तरी मला तपासू नकोस.” आणि ते खरंय, मावशी, मी तपासते. तो गॅस बंद करून आला की मी जाऊन परत नॉब बघते. तो कुलूप लावतो, मी ओढून बघते. त्याच्यासमोर. सवय आहे, दुसरं काही नाही. तो आधी इन्स्पेक्टर म्हणून चिडवायचा, मग चिडवायचा थांबला. कधी थांबला ते माझ्या लक्षातच नाही आलं — बघा, सगळं तपासते आणि हे नाही दिसलं.

थांबा. थांबा, तो येतोय. इतक्यात? अजून तुमची कॉफी वाफाळतेय — इतक्यात झालं? नाही, नाही, नाही — मावशी, जरा बघा ना तुम्ही, मी पाठमोरीच बसते, हातात काय आहे त्याच्या? कागद आहे का? नाही? कपाट उघडलं? मग काय घेतलं? दांडीला गोल काहीतरी — आरसा! छोटा आरसा, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा? आरसा घेऊन गेला परत आत? मावशी, तुमच्या तोंडात साखर पडो. मागची बाजू बघायला लागतो तो. मागची बाजू कोण बघतं, ज्याला खरंच बघायचंय तोच बघतो ना.

रडत नाहीये, डोळे चुरचुरतायत, झोप नाही झाली. काय आहे ना, मी ठरवून टाकलं होतं. आज जर त्याने नुसतीच सही केली तर मी साहेबांना फोन करून सगळं सांगणार. मागच्या महिन्याचंही. मग त्याचं लायसन्स जाणार, आणि मग तो बहिणीकडून काही परत येत नाही. आणि नाही सांगितलं तर तो येईल, कदाचित आजच येईल, आणि मी तुमच्यासारख्यांना डोळे मिटून वर पाठवत बसेन. मला तो हवाय हो घरी. पण डोळे उघडे असलेला हवाय. तुम्ही म्हणाल, तुला कसं कळणार त्याने बघितलं की नाही बघितलं, तू तर बाहेर. ते — त्याची मी सोय केलीय.

काही नाही. सोय म्हणजे — आता बोललेच आहे तर ऐका. नट शेवटचा आवळून झाला ना, की त्यावर आम्ही नारिंगी रंगाची एक रेघ मारतो, नटावरून खाली बोल्टपर्यंत. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, लांबून कळतं. आणि ती रेघ शेवटचं आवळल्यावरच मारायची, आधी नाही. म्हणजे रेघ असेल तर झालंय, रेघ नसेल तर अजून कुणी आवळलेलंच नाही असं धरायचं. आठ नट आहेत. तर त्यातल्या एकावर मी रेघ मारलेली नाही. पलीकडच्या बाजूचा, वरचा. मुद्दाम. बघितलं तर दिसेल, नाही बघितलं तर —

अहो बसा, बसा! उठू नका! तो नट घट्ट आहे, मावशी, मी स्वतः आवळलाय, पिन घातलीय, फक्त रंग नाही लावलेला. आणि त्याने न बघता सही केली असती तरी मी तुम्हाला चढू दिलं नसतं, देवाशपथ, दारात आडवी पडले असते. तुमच्या लेकीची शपथ — नाही, तिची नको, माझीच घ्या. मला माहितीये हे बरोबर नाही. नवऱ्याला असं सापळ्यात धरतात का? माझ्या हाताला कळत होतं ते. तो एक नट तसाच सोडून पुढे गेले ना, तर लक्ष इतकं उडालं की ब्रशचा रंग बोटांवरच आला, हा बघा, अजून आहे. मग उरलेले भराभर उरकले, वाटलं तो लवकर आला तर माझ्या चेहऱ्यावरून ओळखेल. आयुष्यात पहिल्यांदा मी काम करताना कामाचा विचार करत नव्हते. पण झालं आता. आरसा घेऊन गेलाय तो. पलीकडे गेला असेल एव्हाना, स्टूल दोनदा सरकलं. आज घरी जाताना मी त्याला विचारणारेय, येतोस का म्हणून. केक पण घेईन. आणि गॅसचा नॉब नाही बघणार. एक दिवस नाही बघणार.

आला. दारात उभाय. कंप्रेसर आत्ताच सुरू झालाय ना आत, त्यामुळे ओरडून काही ऐकू येणार नाही, खुणाच करतो तो. दोन बोटं दाखवतोय. दोन मिनिटं म्हणतोय वाटतं — घे रे बाबा, वीस घे, मावशींना काही घाई नाही. नाही? मान हलवतोय. बोटाने हवेत रेघ ओढली — मावशी, सापडलं त्याला! रेघ नाहीये म्हणतोय, बघितलं त्याने, सगळं बघितलं — हो रे, कळलं, कळलं मला — आता परत दोन बोटं काय दाखवतोस? दोन नाही रे, एक. एकच. मावशी, मी एकच ठेवला होता, पलीकडचा वरचा, तो आवळलाय मी, आणि त्याच्या पुढच्याला तर मी — त्याच्या पुढचा, खालचा — त्याला मी पाना लावला, आणि मग —

टॉर्च घेऊन उभाय तो. उजेड शेपटीकडे धरलाय.

मावशी, पिशवी खाली ठेवा. लेकीला फोन करा, आज उशीर होईल म्हणावं.