हेडफोन माझा, फोन त्यांचा

अगं, भावानं लग्नात दिलेला हेडफोन माझ्या फोनला काही केल्या जोडलाच जाईना. बंद केला, चालू केला, बटण दाबून दाबून बोट दुखलं. "माझ्या फोनला तर काल लगेच जोडला," असं म्हणून हे टँकरची वाट बघायला फाटकापाशी गेले. नऊ दिवस नळाला पाणी नव्हतं. वैतागून मी हेडफोन कानाला लावला, तर आत टँकरवाला! "बोला की साहेब, वळायचं कुठं? नायतर मी चाललो पुढं." बाहेर हे नुसतेच "हॅलो, हॅलो" ओरडतायत. मी किंचाळले, "थांबा! गिरणीपासून डावीकडं!"

टँकर वळला. हंडा घेऊन बाहेर आलेल्या सासूबाई माझ्याकडंच बघत राहिल्या. म्हणाल्या, "दोन महिने झाले लग्नाला. हिला आवाज हाय व्हय!"