रुमालाखालचं बोट

...आन् म्हनं अध्यक्ष व्हायचं तर आधी खेळ खेळा! तुमाला सांगतो, तीस वर्सं बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली क्येली, पन दलाल म्हनलं की मानूस आधी खिसा चाचपतो, मंग रामराम घालतो. म्हनून वाटलं, राजुरीत नवा दूध-गट निघतोय, दहा गावची दहा मानसं, कुनी कुनाला वळखत न्हाई, हितं तरी ह्या वजीरला कुनी भरवशाचा म्हनंल, अध्यक्ष करंल... तर शिकवायला आलेल्या प्रतिभामॅडम म्हनत्या, पुढारी कसा असावा ते खेळातनं कळतं. दहा चिठ्ठ्या. नवांवर गावकरी, एकीवर बिबट्या. समद्यांनी डोळे मिटायचे, बिबट्यानं गुपचूप एकाकडं बोट दाखवायचं, की त्यो मेला. मंग डोळे उघडून गावानं बिबट्या हुडकायचा. आता बिबट्याचं आमाला काय नवल? उसात रोजचाच हाय. पन ह्यो खुर्चीत बसून चहा पेनारा!

पयल्याच फेरीत लोणीचा गोकुळ गेला. समदी एकमेकाकडं टकामका बघाया लागली. मी म्हनलं, हीच येळ! गाव माज्यावर सोडा. खांद्यावरचा रुमाल काडला. बाजारात आमी सौदा तोंडानं करत न्हाई, रुमालाखाली हातात हात, बोटं दाबायची, आन् दाबलं ते दाबलं. रुमालाखाली कुनी खोटं बोलत न्हाई! तवा गावकऱ्यानं एक बोट दाबायचं, बिबट्यानं दोन. डोंगराकडची सोनीबाई हात द्यायला लाजली, म्हनलं आक्का, भन हाईस माजी, तवा तिनंबी दाबलं... एक. आठ जनं, आठ येळा एकच बोट.

आता रुमालाखाली कुनी खोटं बोलत न्हाई, मंग बिबट्या कोन? इचार क्येला, हात कुनी दिला न्हाई? मॅडमनी! त्या म्हनत्या, अहो, मी खेळातच नाही. म्हनलं, बाजारातबी असंच म्हनत्यात, मी इकायला आलोच न्हाई. आन् राव, गावानं माजं ऐकलं! समद्यांनी हात वर करून मॅडमला गावाभाईर काडलं. लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पुन्हा डोळे मिटले, आनखी एक मेला. पुन्हा रुमाल, पुन्हा एकच बोट. असं करता करता उरलो मी आन् सोनीबाई. तिचा हात धरला. एक बोट. मी उबा ऱ्हाऊन सांगितलं, भिऊ नका, बिबट्या डोंगरात निघून गेला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. सोनीबाईनं चिठ्ठी उलगडली. बिबट्या!

"आक्का, रुमालाखाली?"

ती शांतपनी म्हनली, "भाऊ, बैलबाजारात आमा बायांना कवा कुनी उबं क्येलंय? तुमच्या रुमालाचा कायदा मला काय ठावं? आन् इचारल्यावर बिबट्या व्हय म्हनंल का?"

झालं. अध्यक्ष सोनीबाई, एकमतानं. दूध घेनाऱ्या कंपनीशी बोलाया अशीच पायजे म्हनले, पोटातलं ओठावर येऊ देत न्हाई. म्याबी हात वर क्येला, काय करता, खरंच व्हतं ते.

मंग तिनं पयला हुकूम काडला. गटाच्या खोलीची किल्ली वजीरभाऊंकडं. "ह्यो मानूस लबाडी करायचा न्हाई," म्हनली. "त्येला जमायचीच न्हाई."

घरी बायकूनं, गुलशननं इचारलं, काय झालं? म्हनलं, लोकांनी भरवशाचा म्हनलं. ती खूस. म्हनली, मंग अध्यक्ष?

म्हनलं, न्हाई ना... भरवशाचा निघालो, म्हनून तर गेलं!