बोझो पोरांच्या रक्ताची कार्डं

माननीय अध्यक्षा आणि आपल्या संस्थेच्या संचालिका असेतू सांगारे, मंत्रालयातून अगत्यानं आलेले पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर आंबाकाने गिंदो, त्यांच्या पत्नी यापिले वहिनी, आणि सभागृहातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी कादिदिया फामांता. डीएनएचं रसायन हा माझा विषय. मी बोझो, नायजर नदीवरच्या कोळ्यांतली. हा गिंदो दोगोन, कड्यावरच्या कांदे पिकवणाऱ्यांतला. म्हणजे आमच्या दोन जमातींत मंगू आहे, पूर्वजांनी बांधलेलं शपथेचं नातं. आम्ही चारचौघांत एकमेकांची यथेच्छ टिंगल करायची आणि कुणी रागवायचं नाही, म्हणून तर हे भाषण माझ्या गळ्यात पडलं. अहो, हा कांदेखाऊ गुडघाभर पाण्यात बुडतो आणि तुम्ही त्याला समुद्रापार धाडताय? कुणी विचार केलाय का?

हसा, हसा. तोही हसतोय.

याचं काम काय, ते पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. डीएनएची अक्षरं आईबापांकडून येतात, पण त्यावर बारीक रासायनिक खुणा असतात. कुठलं वाचायचं, कुठलं मिटून ठेवायचं, हे त्या ठरवतात. नदी आटते, मासळी मिळत नाही, त्या दिवसांत पोटुशी राहिलेल्या बाईच्या लेकराच्या खुणा वेगळ्या असतात का? हा प्रश्न गिंदोचा. प्रश्न सुंदरच होता, आजही म्हणते. त्या खुणा वाचायच्या तर डीएनए एका क्षारात तापवावा लागतो, आणि त्यात बराचसा विरून जातो. थेंबभर रक्त पुरेल अशी सौम्य रीत मी बसवली. तेवढी फुशारकी मला मारू द्या.

पण रक्त आणायचं कुणी? मंगू असा, की दोगोनानं बोझोचं रक्त सांडायचं नाही. मग ही प्रयोगशाळेतली बाई सुया घेऊन मोप्तीच्या खालच्या कोळीवस्त्यांत निघाली. बाळाच्या टाचेला टोचायचं, थेंब कार्डावर टिपायचा. आणि हा प्रकल्पप्रमुख झोपडीबाहेर पाठ फिरवून उभा, कारण रक्त बघायचंसुद्धा नाही! वस्तीतल्या बायका त्याला म्हणायच्या, "ए कांद्या, घाबरलास होय रे?"

माझी मावशी नान्ताना मात्र हटून बसली. तिनं हो म्हटल्याशिवाय वस्तीतली एकही बाई लेकरू पुढे करेना.

"कादिदिया, लेकरांचं रक्त नेणार कुठं?"

"बामाकोला, मावशी. माझ्या कपाटात."

"आणि तिथून पुढं?"

मी उत्तर देण्याआधी हा बाहेरून ओरडला, "मावशी, ते रक्त या नदीचा देश सोडून गेलं, तर आपला मंगू तुटला म्हणा! आणि त्यात काय सापडलं, ते आधी तुम्हाला येऊन सांगणार."

मावशीनं नातवाचा पाय माझ्या हातात दिला. तिचा विश्वास माझ्यावर नव्हता हो, मंगूवर होता.

परवा मी ते कपाट उघडलं, तर रिकामं. याला विचारलं, "कार्डं कुठायत रे?" हा म्हणाला, "तुम्ही बोझोंनी खाल्ली असतील, सुकी मासळी समजून!" मी हसले. मंगूत हसायचंच असतं. वाटलं, दुसऱ्या खोलीत हलवली असतील. आणि मघाशी संचालिकाबाईंनी याच जागेवरून मोठ्या कौतुकानं सांगितलं, की साहेबांच्या परदेशातल्या नव्या विद्यापीठात रक्ताच्या नमुन्यांची पेटी त्यांच्या आधीच पोचलीसुद्धा. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या, हात थांबेपर्यंत.

काय म्हणालास? "मासळीबाई, आटप, जेवण गार होतंय"?

होऊ दे गार.

तुला परदेशी नोकरी मिळाली, याचं मला वाईट वाटत नाही. मोठा हो. पण मागितलं असतंस, तर मी तुझ्याबरोबर मावशीपुढे जाऊन बसले असते. ती नाही म्हणाली असती, हे तुला ठाऊक होतं, म्हणून तू विचारलंच नाहीस. विश्वासघात केलास, आंबाकाने. आणि मी विचारलं तेव्हा आपला मंगू पुढे करून मलाच हसवलंस, हे मला त्याहून जास्त लागलं. शुक्रवारी मी मोप्तीला जातेय. मावशी विचारेल, काय सापडलं? तिला मी काय सांगू?

असो. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. पाहुण्यांचे आभार, वहिनींचेही; त्यांचा यात काही दोष नाही. ती पेटी परत येण्यासाठी मी उद्याच संस्थेकडे अर्ज देणार आहे, हे सर्वांसमक्ष सांगून ठेवते.

आता एकच राहिलं. मंगूत कुणी कुणाची माफी मागत नाही. माझ्या आजोबांनी कधी दोगोनाची मागितली नाही, माझ्या आईनं नाही. बोललेलं लागतच नाही, तिथं माफी कसली?

डॉक्टर गिंदो, माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर मला क्षमा करावी.