माझ्याच सहीने गेलेलं अध्यक्षपद

सन्माननीय अध्यक्षा राधिकाताई, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे डॉ. हेमचंद्र, आज जिला निरोप द्यायला आपण जमलो ती सुनेत्रा, आणि सिंगापुरातल्या सेरंगूनच्या या हॉलमध्ये एसीच्या गारठ्याने शाली पांघरून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

‘अध्यक्षा राधिकाताई’ म्हणताना मला अजून जरा जड जातं. चौदा वर्षं त्या खुर्चीत मी होतो. तिथून मी कसा उठलो, तेच आज सांगणार आहे. मागून कोणी चिरंजीव “अंकल, कीप इट शॉर्ट लाह” म्हणताहेत. ठेवतो, बाळा.

सुनेत्रा सहा वर्षं इथे क्लेमेंटीत राहिली, पण मतदार अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याची. तिकडे लोक नुसते उमेदवार निवडत नाहीत, राज्याच्या कायद्यांवरही थेट मत देतात. पुरेशा सह्या जमवल्या तर कायदा सुचवतातसुद्धा! प्रत्येक प्रस्तावाच्या बाजूचं आणि विरोधातलं म्हणणं एका पुस्तिकेत छापून येतं. २०२४ साली ती पुस्तिका सुनेत्राने आम्हाला साबुदाण्याच्या खिचडीबरोबर वाचायला दिली. मत तिचं एकटीचं, भांडलो आम्ही नऊ जण. एक प्रस्ताव असा होता की, राज्याच्या निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांना महाभियोग चालवून काढण्याचा अधिकार विधिमंडळाला द्यावा का? मी टेबलावर मूठ आपटली. “द्यायलाच हवा! खुर्चीला चिकटलेल्या माणसाला घरी पाठवायची सोय नको?” सुनेत्राने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी मात्र आणखी खिचडी मागितली.

पुढे संक्रांत आली. आपल्या मंडळाची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. कुठलाही कागद फिरायला निघाला की पहिली सही अध्यक्षांची, आणि अध्यक्षांनी वाचत बसायचं नाही. वाचलं तर समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं ना! सुनेत्राने कागद पुढे केला. माझ्या एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातात पेन. केली सही. माझी सही पाहून बाकीच्यांनीही न वाचताच केल्या. प्रस्ताव होता, ‘कोणीही सलग चार वर्षांहून अधिक काळ अध्यक्ष राहू नये.’

मी फोन केला, “सुनेत्रा, सही मागे घेता येते का गं?”

“येते काका. मुदत काल संपली.”

मग ओरेगॉनच्या धर्तीवर आपली पुस्तिका निघाली. विरोधातली चार निवेदनं छापून आली. चारही माझीच होती, हे आता लपवण्यात अर्थ नाही. मतदान झालं. बाजूने एक्केचाळीस, विरोधात चाळीस. एका मताने मी माजी झालो! पुढच्या रविवारी कमिटीची मीटिंग चालू असताना मी पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवत होतो आणि भेटेल त्याला आपण दुःखी असल्याचं सांगत होतो.

ते एक मत कोणाचं? वर्षभर मी माझ्या बायकोवर, आशालतावर संशय घेतला. आमटी अळणी झाली तरी म्हणायचो, “एक्केचाळिसावं मत!” बिचारीने निमूटपणे ऐकून घेतलं. निमूटपणे म्हणजे, तिच्या मानाने.

आणि सुनेत्रा, तू त्या दिवसापासून मागच्या रांगेत बसायला लागलीस. काकांना दुखावलं, या समजुतीने माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागलीस. मी ती समजूत खुशाल राहू दिली. परवा तू विमानात बसशील. हे ओझं घेऊन तू जाऊ नयेस, म्हणून आज माईक मागून घेतला.

प्रस्तावाच्या बाजूने एकच निवेदन होतं, तुझं. तीन ओळींचं. ‘मनोहरकाकांनी चौदा वर्षांत मंडळाचं एकही नाटक पाहिलेलं नाही. पडदा वर जातो तेव्हा ते बाहेर केटररला फोन करत असतात. काकू शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून ती अडवतात आणि नाटक संपल्यावर पर्स उचलतात.’

मतपत्रिका हातात घेऊन मी ते पुन्हा वाचलं. चौदा वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. आशालतानेही नाही.

सुनेत्रा, ते एक्केचाळिसावं मत माझं होतं.

आशालता, उठू नकोस, संपलंच माझं! सुनेत्रा, यंदाचं नाटक मी तुझ्या काकूच्या शेजारी बसून पाहिलं. नाटक सुमार होतं, पण मला फार आवडलं. पोरी, तुझे उपकार आहेत. तुझी आठवण येत राहील.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी सर्वांचा ऋणी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर सभागृहाने पोटात घालावं. आशालताची माफी मी घरी गेल्यावर स्वतंत्रपणे मागेन.